हूवु यावाग?

आमच्या सासूबाई मूळच्या बीदरच्या. माणसांशी मराठीत बोलतात, झाडांशी मात्र कानडीतच.

दोन वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी पुडीभर बी दिलं. लग्नातल्या गुच्छांत गुलाबांच्या मधून बारीक पांढरी नक्षी दिसते, ती जिप्सोफिला आपण सर्वांनी पाहिली आहे. हे बी तिच्याच एका अपरिचित बहिणीचं, जिप्सोफिला सेरास्टिऑइडिसचं. ती हिमालयाच्या उंच उतारांवर जमिनीलगत पसरते. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट रेषा असतात. शिवाय ती बहुवर्षायू.

नोव्हेंबरात कुंडीत निम्मी काळी माती, निम्मी वाळू भरली. बी भुरभुरून जेमतेम झाकलं आणि पाण्याचा हलका फवारा दिला. आदिलाबादची थंडी कामी आली. अठराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. सासूबाई रोज विचारायच्या, "हूवु यावाग?"

"यंदा पानंच, आई. फुलं पुढच्या वर्षी." ऐंशी ओलांडलेल्या बाईंना हे सांगताना माझी जीभ अडखळली. त्या हसून म्हणाल्या, "नोडोण."

मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला. कुंड्या कडुनिंबाखाली ठेवून निम्मी रोपं जगवली. पण जुलैची झड लागली आणि उरलेली आठवड्यात मुळाशी कुजली. चूक माझीच. जिप्सोफिला म्हणजे जिप्समची आवड असलेली. चुनखडीची जमीन तिला मानवते, म्हणून मी आपल्या मातीवर विसंबले. पण काळी माती पाणी धरून ठेवते, आणि तेच या रोपाला सोसत नाही. हिमालयात वर्षानुवर्षं जगणारं झाड आपल्याकडे एक पावसाळाही काढीलच असं नाही.

गेल्या नोव्हेंबरात सासूबाईंच्याच हातून साधी वर्षायू जिप्सोफिला एलिगन्स पेरली. वाचकहो, तुम्हीही हीच लावा. पाणी न साचणारी जागा निवडा. जिथे वाढवायची तिथेच पेरा, कारण मूळ हलवलेलं तिला आवडत नाही. आठ-दहा आठवड्यांत फुलते. बहर थोडे दिवस टिकतो, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरी पेरणी करा.

जानेवारीच्या शेवटी पहिली डहाळी देवापुढे गेली. त्या दिवशी प्रश्न आला नाही.

वाळलेल्या बोंडांतलं बी सासूबाईंनी कागदात बांधून ठेवलं आहे. पुडीवर त्यांच्या हातचं कानडी अक्षर आहे: नोव्हेंबर.