मीटर मोजता, माणसं कधी मोजणार?

वीज महाग झाली, अशी ओरड दर उन्हाळ्यात होते आणि पहिल्या पावसाबरोबर विरते. माझी तक्रार वेगळी आहे. शहरातल्या घरगुती वीजबिलाचा पायाच चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत नेमकी ज्यांना परवडत नाही तेच लोक भरत आहेत.

महावितरणचे घरगुती दर चार टप्प्यांत आकारले जातात. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेले दर वहन आकारासह असे होते: पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 ला 11 रुपये 46 पैसे, 301 ते 500 ला 15 रुपये 72 पैसे आणि त्यापुढे 17 रुपये 81 पैसे. वर स्थिर आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. नंतर आकडे वरखाली झाले, पायऱ्या त्याच राहिल्या. शंभरावं युनिट संपलं की पुढच्या युनिटाचा दर जवळजवळ दुप्पट होतो, तोही दुसऱ्याच पायरीवर.

यामागचं तत्त्व ऐकायला न्याय्य वाटतं: गरिबाला स्वस्त, चैन करणाऱ्याला महाग. मग हिशेब करून बघू. 75 वॅटचे तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 81 युनिट होतात. साध्या फ्रिजचे तीसेक धरा. शंभरी इथेच ओलांडली. अजून दिवा लागलेला नाही, मिक्सर फिरलेला नाही, टीव्ही बंद आहे, गीझरचं नाव काढलेलं नाही. एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या पत्र्याच्या खोलीत पंखा लावणं ही चैन असेल तर तसं दरपत्रकावर छापा तरी.

जून 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दरकपात जाहीर करताना सांगितलं की, राज्यातले 70 टक्के ग्राहक शंभर युनिटांच्या आत आहेत. असतीलही. पण ग्राहक म्हणजे कोण? ग्राहक म्हणजे मीटर. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेला फ्लॅट हा शंभर युनिटांच्या आतला ग्राहक. वर्षातून दोनदा उघडणारं गावचं घर, तेही. आणि दोन खोल्यांत राहणारं आजी-आजोबांसकट सहा माणसांचं कुटुंब मात्र एकच ग्राहक, तोही वरच्या पायरीवरचा.

धनकवडीत आमच्या गल्लीत एका इमारतीच्या जिन्याखाली लाकडी फळीवर तीन सबमीटर बसवले आहेत. मजल्यावर तीन खोल्या, तीन बिऱ्हाडं, आणि मुख्य मीटर घरमालकाच्या नावाचं एकच. महिना भरला की मालक वही घेऊन येतो, आकडे उतरवतो आणि युनिटला बारा रुपयांनी पैसे मागतो. मधल्या खोलीतल्या ताई पोळीभाजीचे डबे करून देतात. त्यांचे 80 युनिट झाले की 960 रुपये मोजतात. मालक लुटतो, असं म्हणून मोकळं होता येत नाही. तिघांचे मिळून 240 युनिट एका मीटरवर चढले की 2024 च्या दराने त्यालाच शुल्कासकट सत्तावीसशेच्या आसपास बिल येतं, इंधन समायोजन वेगळं. त्याच ताईंना स्वतःचं मीटर असतं तर स्थिर आकार आणि शुल्क धरूनही सातशेच्या आसपास भागलं असतं. शंभर युनिटांच्या आत राहणारी बाई निव्वळ मीटर दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून दर महिन्याला अडीचशे रुपये जास्त भरते.

आता दुसरं टोक. दोन फ्लॅट जोडून राहणारं सुखवस्तू जोडपं घ्या. एक मीटर त्याच्या नावाचं, एक तिच्या. एका मीटरवर चारशे युनिट जळले असते तर नुसत्या विजेचे 4,452 रुपये झाले असते. दोन मीटरांत दोनशे-दोनशे वाटले गेल्यावर तेच 3,468 होतात. गरिबांसाठी ठेवलेले स्वस्त शंभर युनिट या घराला दोनदा मिळतात. तीन बिऱ्हाडांना मिळून एकदा.

कायदा भाडेकरूच्या विरोधात नाही, हे मुद्दाम सांगतो. वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार, कोणीही अर्ज केला तर वितरण कंपनीने जोडणी दिली पाहिजे. प्रत्यक्षात घरमालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय भाडेकरूचा कागद पुढे सरकत नाही. आणि मालक ते पत्र देत नाही, कारण भाडेकरूच्या नावाचं बिल म्हणजे उद्या ताब्याचा पुरावा, ही त्याची भीती. या भांडणात वितरण कंपनीचं काहीच जात नाही, उलट वरच्या पायरीचा दर हाती पडतो. मग ती कशाला मध्ये पडेल?

सौरऊर्जेचा उपाय सुचवणारे भेटतात तेव्हा माझं डोकं फिरतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान आहे. चांगली योजना आहे, पण ज्याला स्वतःचं छत आहे त्याच्यासाठी. बंगलेवाल्याचं बिल सरकारी पैशाने शून्याकडे जाणार आणि भाड्याच्या खोलीतला माणूस वरच्या पायरीवर उभा राहणार, याला मी धोरण म्हणणार नाही.

करायचं काय, हे अवघड नाही. पहिला टप्पा शंभरवरून दोनशे युनिटांवर न्या. एका मीटरवर जितकी बिऱ्हाडं राहतात तितक्या पटीने टप्पे वाढवून द्या. शिधापत्रिका, भाडेकरार, आधार असे पुरावे सरकार एरवी पावलोपावली मागतंच, इथेही मागावेत. भोगवटादाराच्या अर्जाला ना-हरकत पत्राची अट लावणाऱ्यावर कारवाई करा. आणि स्थिर आकारावर, म्हणजे न जाळलेल्या विजेवर, 16 टक्के शुल्क घेणं बंद करा.

दरवाढीचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे वकील तयारीने येतात आणि घरगुती ग्राहकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. पुढच्या वेळी हरकतीचा एक कागद तुमचाही जाऊ द्या. त्यात तुमच्या मीटरवर किती माणसं जगतात, तेवढं आठवणीने लिहा.