खचलेले मन हा रक्ताचा दोष नाही

वस्तीतली एखादी बाई महिनोन्महिने गप्प झाली, तिला झोप लागेना, स्वयंपाकात लक्ष लागेना, की लोकांची उत्तरे तयार असतात. "मनाने कच्चीच आहे." "त्यांच्या घराण्यातच आहे ते." आणि दबक्या आवाजात, "कुणीतरी काहीतरी केलंय." पुरुष असेल तर "दारूने वाया गेला." दारूच्या आधी काय झाले, हे कुणी विचारत नाही. मी आधी नर्स म्हणून वॉर्डात काम केले, आता वस्तीत करते. माझे स्पष्ट मत आहे की ही उत्तरे आजारी माणसालाच आरोपी करतात.

"घराण्यातच आहे" हे बोलणे आधी तपासू. नैराश्यात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, अनुवंशिकतेचा काही वाटा असतो. पण जनुक म्हणजे नशीब नव्हे. आपल्या पेशीत साधारण २० हजार जनुके असतात आणि ती सगळी एकाच वेळी काम करत नाहीत. घरातल्या बटणांसारखी काही चालू, काही बंद असतात. डीएनएवर मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण बसली की बहुतेक वेळा ते जनुक मंद होते. जनुक तेच राहते, त्याचे काम बदलते.

ताण नेमका इथे पोचतो. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. ते पेशींत शिरून काही जनुके चालू करते, काही बंद करते. घटकाभरासाठी हे उपयोगाचेच असते. नंतर मेंदूतील ग्राहक-प्रथिने कॉर्टिसॉल ओळखतात आणि "आता पुरे" असा निरोप देतात. टाकी भरली की बॉलकॉक पाणी थांबवतो, तसेच हे. ही ग्राहके कमी असतील तर ताण संपला तरी शरीर शांत होत नाही. झोप, भूक, उत्साह सगळे बिघडते.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. ज्या पिलांना आई कमी चाटत होती, त्यांच्या मेंदूत याच ग्राहकाच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा जास्त होत्या, आणि मोठेपणी ती ताणाने लवकर घाबरत. पण अशीच पिले जन्मताच जास्त चाटणाऱ्या मादीकडे दिली, तर ती तिच्या पिलांसारखी शांत वाढली. रक्त जन्मदात्रीचे होते, फरक पडला तो वाढवण्याने. २००९ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी आत्महत्येने मृत्यू पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले. ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्यात याच जनुकावर अशाच जास्त खुणा आढळल्या.

यावरून कुणी आईला दोष देऊ नये. गाभण मादीला ताणाखाली ठेवले तर तीही पिलांना कमी चाटते, हे त्याच संशोधनात पुढे दिसले. पहाटे चारला पाण्याच्या रांगेत, सहाला धुण्याभांड्याला आणि संध्याकाळी बचत गटाच्या हप्त्याच्या काळजीत असलेल्या आईला "लेकराकडे लक्ष दे" असे सांगणे सोपे आहे. तिचा भार कमी करणे हेच लेकराचे औषध आहे.

दुसरा धोका असा, की उद्या कुणी म्हणेल, "पिढ्यान्पिढ्या अपमान सोसून तुमची जनुकेच बिघडली." हे मान्य करू नका. माणसांत ताणाच्या खुणा अशा पिढ्यान्पिढ्या उतरतात हे सिद्ध झालेले नाही. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले होते. दाराने गेलेली रक्ताची भाषा आपण खिडकीतून आत घेऊ नये.

मग करायचे काय? दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी, झोप उडणे, कशातच रस नसणे, मरणाचे विचार यांतले काही दिसले तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मरणाचा विचार बोलून दाखवला तर दोन आठवडे थांबू नका, त्या माणसाला एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सांगतो, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये. कायद्याला जे कळते ते शेजाऱ्यांनाही कळायला हवे.

गोळी आजाऱ्याला सावरते, पण ताणाचे मूळ बाहेर आहे. थकलेली मजुरी, झोपडी पाडण्याची नोटीस, नवऱ्याचा मार, कामावरचा जातीवाचक टोमणा. म्हणून नळाच्या अर्जावर सही करणे आणि मारहाणीत मध्ये पडणे हेही आरोग्याचेच काम आहे. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न घ्या: आपल्या गल्लीत सध्या कोण गप्प झाले आहे? आणि त्या घरी कोण जाणार, हे तिथेच ठरवा.