मर्केल नेमके काय म्हणाल्या होत्या?

जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल दर आठवड्याला एक छोटी चित्रफीत प्रसृत करीत असत. जून 2011 मधील अशाच एका चित्रफितीत सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय होता. स्थलांतरित कुटुंबांतील तरुणांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण विशेष जास्त आहे, हे आपण मान्य केले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितले, की त्यामुळेच स्थलांतरितांना समाजात सामावून घेण्याचा प्रश्न हिंसाचार रोखण्याच्या प्रश्नाशी निगडित आहे. एखाद्या गृहमंत्र्याने विधिमंडळात करावे तसे हे निवेदन. त्यात खळबळजनक असे काही नव्हते.

इंग्रजी उपशीर्षके चढवून हीच चित्रफीत इंटरनेटवर फिरू लागली, तेव्हा तिचा मथळा झाला, 'स्थलांतरितांचा हिंसाचार जर्मनांनी स्वीकारलाच पाहिजे, मर्केल यांचे फर्मान'. 2015 नंतर निर्वासितांचा प्रश्न पेटला तेव्हा ती पुन्हा वर आली. या वेळी तिच्यावरची तारीखही गळाली होती. चार-पाच वर्षांपूर्वीचे वाक्य कालच उच्चारले गेले असावे, असा भास त्यातून निर्माण झाला.

गंमत अशी, की शब्दकोश उघडून बसणाऱ्याला या भाषांतरात ढळढळीत चूक सापडणार नाही. मर्केल यांनी वापरलेल्या 'आक्त्सेप्टीरन' या जर्मन क्रियापदाचे दोन अर्थ होतात. एखादी वस्तुस्थिती नाकारत न बसता ती आहे असे कबूल करणे हा एक, आणि एखादी गोष्ट निमूटपणे चालवून घेणे हा दुसरा. इंग्रजीतील 'अ‍ॅक्सेप्ट'चीही हीच गत. मराठीने मात्र येथे सोय करून ठेवली आहे. एखादी गोष्ट 'मान्य करणे' आणि तिला 'मान्यता देणे' यांतील अंतर मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मूळ वाक्यात पहिला अर्थ होता. मथळ्यात दुसरा आला. कोणता अर्थ घ्यायचा याचा निवाडा पुढचे वाक्य करीत होते आणि नेमके तेच कापले गेले. शिवाय 'गुन्ह्यांचे प्रमाण' या रुक्ष शब्दप्रयोगाच्या जागी 'हिंसाचार' येऊन बसला. या दोन बदलांमुळे एका इशाऱ्याची शरणागती झाली.

उपशीर्षकांचे सामर्थ्य येथे लक्षात घ्यावे लागते. छापील मजकुरावर वाचक शंका घेतो. पण पडद्यावर खुद्द मर्केल बोलताना दिसत असतात, आवाज त्यांचाच असतो आणि खाली अर्थ उमटत असतो. जर्मन न कळणारा प्रेक्षक आपण प्रत्यक्ष ऐकले अशाच समजुतीने उठतो. पुढे ते इंग्रजी वाक्य पोलिश, हंगेरियन वा हिंदीत कोणी नेले, तर तो मूळ जर्मनकडे वळण्याची शक्यता फारच कमी.

मर्केल यांच्याच आणखी एका विधानाची कथा याच्या उलट दिशेने जाते. 16 ऑक्टोबर 2010 रोजी पॉट्सडॅम येथे आपल्या पक्षाच्या युवा शाखेच्या मेळाव्यात त्यांनी 'मुल्टिकुल्टी'ची कल्पना साफ फसली असल्याचे सांगितले. जगभरच्या मथळ्यांत त्याचे 'बहुसांस्कृतिकता अपयशी' असे रूपांतर झाले आणि विविध धर्म-संस्कृतींच्या लोकांनी एकत्र राहणे जर्मनीत अशक्य ठरले, अशी कबुलीच जणू मर्केल यांनी दिली, असा अर्थ लावला गेला. परंतु 'मुल्टिकुल्टी' हा बोलीतला, काहीसा हेटाळणीचा शब्द आहे. वेगवेगळे समाज एकमेकांच्या शेजारी आपापले आयुष्य जगतील आणि सारे आपोआप सुरळीत होईल, अशा भाबड्या समजुतीला जर्मन राजकारणात तो लावला जातो. मर्केल यांचा रोख त्या समजुतीवर होता. 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून जर्मनीने कामगार आणले. ते काही वर्षांनी परत जातील या भ्रमात आपण राहिलो, असे त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखविले. इस्लाम जर्मनीचा भाग आहे, हे तत्कालीन अध्यक्ष ख्रिस्तियान वुल्फ यांचे मतही त्यांनी तेथे उचलून धरले आणि फुटबॉलपटू मेसुत ओझिल याचा दाखला दिला. ही वाक्ये मथळ्यांपर्यंत पोहोचली नाहीत.

डिसेंबर 2015 मध्ये कार्ल्सरूए येथील पक्षाच्या अधिवेशनात मर्केल यांनी 'मुल्टिकुल्टी'वर पुन्हा तशीच टीका केली, तेव्हा अनेकांना तो घूमजाव वाटला. पाच वर्षांपूर्वीचे भाषण नीट वाचले गेले असते तर तसे वाटण्याचे कारण नव्हते. एकाच नेत्याच्या दोन प्रतिमा परभाषांतील वाचकांपुढे उभ्या राहिल्या. एक दरवाजे सताड उघडणारी, दुसरी परक्यांना नाकारणारी. दोन्ही प्रतिमांना आधार म्हणून तिचीच वाक्ये देण्यात आली.

दरवाजे उघडणाऱ्या प्रतिमेचा उगम सहसा 31 ऑगस्ट 2015 च्या बर्लिनमधील पत्रकार परिषदेत शोधला जातो. 'विर शाफन दास', म्हणजे 'आपण हे निभावून नेऊ', हे मर्केल यांचे तीन शब्द तेथलेच. ते बोलले गेले होते जर्मन प्रशासनाला आणि नागरिकांना उद्देशून. जर्मनी बलवान देश आहे, आपण बरेच काही निभावले आहे, हेही निभावू, असा तो धीर होता. सीमेपलीकडे मात्र ते आमंत्रण म्हणून वाचले गेले, आणि जर्मनीतील विरोधकांनीही पुढे तसाच अर्थ लावला.

खरे तर आमंत्रणाचा समज त्याच्या सहा दिवस आधीच पसरू लागला होता आणि त्यामागे मर्केल नव्हत्या. 25 ऑगस्ट रोजी स्थलांतर व निर्वासितविषयक संघराज्य कार्यालयाने ट्विटरवर एक वाक्य टाकले. सीरियन नागरिकांच्या बाबतीत डब्लिन प्रक्रिया सध्याच्या घडीला बहुतांशी प्रत्यक्षात पुढे चालविली जात नाही, असा त्याचा आशय. डब्लिन प्रक्रिया म्हणजे निर्वासित ज्या युरोपीय देशात प्रथम पोहोचला त्याच देशाने सामान्यतः त्याच्या अर्जाचा निर्णय करावा, ही तेव्हाची व्यवस्था. 'सध्याच्या घडीला', 'बहुतांशी' आणि 'प्रत्यक्षात' या तीन शब्दांत कारकुनी सावधगिरी ठासून भरलेली होती. कायदा बदललेला नाही, तूर्त अंमल थांबला आहे, पुढे काय ते पाहू, असे ते वाक्य सांगत होते. जर्मन बाबूंच्या या भाषेचे अरबीत वा इंग्रजीत जाताना जे होणार तेच झाले. तिन्ही विशेषणे वाटेत सांडली आणि 'जर्मनी सर्व सीरियनांना घेणार' एवढेच उरले. बुडापेस्टच्या रेल्वे स्थानकात अडकलेल्यांना एवढेच हवे होते आणि स्थलांतरविरोधी गटांनाही.

त्या वर्षी आधी सुमारे 11 लाख लोक जर्मनीत आल्याचे सांगितले गेले. सप्टेंबर 2016 मध्ये हा आकडा 8 लाख 90 हजारांवर आणण्यात आला. एका ट्वीटमुळे हे सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सीरियातील युद्ध पाचव्या वर्षात होते, लोक आधीच वाटेला लागले होते. पण अफवेची दखल जर्मन सरकारलाच घ्यावी लागली. 2015 च्या अखेरीस काबूलमध्ये दारी व पश्तो भाषांत फलक लागले. 'अफगाणिस्तान सोडताय? नक्की का?' अशा आशयाचे. 2017 मध्ये जर्मनीविषयीच्या अफवांचे निराकरण करणारे संकेतस्थळही परराष्ट्र खात्याने सुरू केले.

भाषांतर नेहमी भडकच करते असे नाही; कधी ते सौम्यही करते. जानेवारी 2018 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी काही देशांबद्दल बंद दाराआड काढलेला शिवराळ शब्द बाहेर आला, तेव्हा आशियातील वृत्तसंस्थांची पंचाईत झाली. तैवानच्या केंद्रीय वृत्तसंस्थेने 'पक्षी जेथे अंडी घालत नाहीत असे देश' अशी वाट काढली. घरच्या वाचकाची अभिरुची सांभाळली गेली. अध्यक्ष काय बोलले हे मात्र त्याला कळले नाही. हाही विपर्यासच, फक्त सभ्य.

मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाचा या साऱ्याशी संबंध दूरचा नाही. बर्लिनची बातमी मराठीत सहसा इंग्रजी वृत्तसंस्थेमार्फत येते, म्हणजे आधीच एकदा भाषांतरित होऊन. तिला मराठीत आणताना आणखी एक अडचण उभी राहते. 'निर्वासित' या शब्दामागे फाळणीची आणि उल्हासनगरच्या छावण्यांची आठवण आहे. 'घुसखोर' या शब्दात आरोप आहे. 'स्थलांतरित' म्हटले की साखर कारखान्याकडे निघालेला ऊसतोड मजूरही त्यात येतो. ज्याने आश्रयासाठी अर्ज केला आहे आणि ज्याचा निकाल अजून लागलेला नाही, अशा माणसासाठी मात्र रुळलेला मराठी शब्द नाही. 'आश्रयार्थी' आहे, पण तो शब्द मथळ्यात क्वचितच दिसतो. रात्रीच्या पाळीतील उपसंपादक, अंकाची वेळ गाठताना, हाताशी असलेला शब्द उचलतो आणि अर्जदार त्या क्षणी एकतर पीडित ठरतो किंवा गुन्हेगार.