डेल घेऊ का, सर?



दसरा-दिवाळी जवळ आली की प्राचार्यांच्या कक्षात एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलासाठी डेलचा लॅपटॉप घेतोय. अभ्यास होईल, आणि तो म्हणतो गेमही छान चालतात. घेऊ का?" शेजारी चिरंजीव मान खाली घालून उभे असतात.

मी हिंदी माध्यमात शिकलेला. पदवी मिळेपर्यंत संगणकाला हातही लागला नव्हता. म्हणून आपल्या संगणक शिक्षकांकडून समजून घेतले, तेच इथे मांडतो.

डेल हे कंपनीचे नाव आहे, एखाद्या यंत्राचे नव्हे. १९८४ मध्ये मायकेल डेल या विद्यार्थ्याने टेक्सासमध्ये वसतिगृहाच्या खोलीतून हा धंदा सुरू केला. खास गेमची यंत्रे बनवणारी एलियनवेअर ही कंपनी डेलने २००६ मध्ये विकत घेतली. म्हणजे कार्यालयाची यंत्रेही त्यांचीच आणि गेमचीही त्यांचीच. 'डेलवर गेम चालतात का' हे विचारणे म्हणजे 'टाटाची गाडी ओझे वाहील का' असे विचारणे. टाटांची नॅनोही होती आणि ट्रकही आहेत!

खरा फरक ग्राफिक्स कार्डाचा. साध्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचे चित्र प्रोसेसरमधलाच एक भाग तयार करतो. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट त्यावर कमी सेटिंगवर चालतात. बुद्धिबळ तर कशावरही चालते. पण सायबरपंक २०७७ सारख्या भारी गेमला स्वतःची मेमरी असलेले वेगळे कार्ड लागते. असा लॅपटॉप महाग, वजनाला जास्त, चार्जर विटेएवढा. शिवाय इंदूरच्या मे महिन्यात तो तापला की स्वतःच वेग कमी करतो.

आणखी एक सावधगिरी. कार्यालयांतून निघालेले छोटे ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉप जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. लिहिण्याला, हिशेबाला ते पुरेसे आहेत. पण 'कार्ड नंतर टाकू' म्हणून घेऊ नका. त्या छोट्या डब्यात मोठे कार्ड मावत नाही आणि पॉवर सप्लायही कमी ताकदीचा असतो.

आता माझे मत. गेम खेळणे हा गुन्हा नाही. तेच कार्ड व्हिडिओ संपादनाला, त्रिमितीय चित्रांनाही उपयोगी पडते. पण नववी-दहावीचा अभ्यास आणि प्रोजेक्ट साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित होतात. 'अभ्यासासाठी' म्हणून महाग यंत्र मागायचे आणि बाबांनी त्याचे हप्ते भरायचे, हे मला पटत नाही. विद्यार्थी मित्रांनो, घरी खरे सांगा. आणि पालकहो, मुलाने खरे सांगितले तर त्याच्यावर ओरडू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

दुकानात जाण्यापूर्वी घरी तीन गोष्टी ठरवा: गेम कोणता, खर्च किती आणि खेळण्याची वेळ कोणती. गेमची वयोमर्यादाही पाहा. आपली लहान मुले ज्याचे नाव घेतात तो जीटीए ५ युरोपात १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे.

परवा अशाच एका मुलाला मी विचारले, "कोणता गेम?" त्याने नाव सांगितले. बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकले. लॅपटॉप अजून घेतलेला नाही, पण बाप-लेकाचे बोलणे सुरू झाले आहे. खरेदीआधी शंका असेल तर शाळेच्या संगणक कक्षात अवश्य या.

— प्राचार्य