फोर्झा सोनीच्या दारात

एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ हा मायक्रोसॉफ्टचा मोटारशर्यतीचा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर दाखल झाला. ज्या खेळांसाठी लोक मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स विकत घेत, तेच आता प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर मिळू लागले. त्याला दोस्ती म्हणण्याचे कारण नाही. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळ बनवणारी कंपनी घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजले; ते वसूल करायचे तर गिऱ्हाईक कोणाच्या यंत्रावर खेळतो हे पाहून चालणार नाही. सेगाने २००१ मध्ये आपले ड्रीमकास्ट हे यंत्र गुंडाळले आणि त्याच वर्षअखेरीस तिचा नायक सोनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला, त्याची आठवण यावी असे हे वळण आहे.

यंत्र स्वस्तात द्यायचे आणि खेळांवर कमवायचे, हा या धंद्याचा जुना हिशेब. यंत्र जुने झाले की किंमत उतरायची. २०२५ मध्ये अमेरिकेत उलटेच झाले: प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स, दोन्ही महागले. आपले मुख्य खेळ आपल्याच यंत्रावर ठेवण्याचा हेका सोडला नाही तो निन्टेंडोने. त्याचे स्विच २ हे यंत्र पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक खपले. पण त्याच्या काही खेळांची डबी उघडून पाहा. आतल्या कार्डात खेळ नसतोच, असते फक्त किल्ली! खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि शिवाय दर वेळी ते कार्ड यंत्रात खुपसायचे. ग्राहकाने पैसे मोजले ते नेमके कशाचे, हे कंपनीने एकदा सांगावे.