शिवाराचा तांदूळ आपल्या ताटात हवा

वडगाव, शहापूर, येळ्ळूर, धामणे शिवारात पिकणारा बेळगाव बासमती ही आम्हा सीमावासीयांची ओळख. हलगा-मच्छे बायपासमध्ये सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. पण त्याच वेळी आमच्या घरात परप्रांतातील पिशवीबंद तांदूळ शिजत असेल तर घोषणांना अर्थ काय? हे भात उंच वाढून आडवे पडते, उताराही कमी. योग्य भाव मिळाल्याशिवाय शेतकऱ्याला ते परवडत नाही आणि न परवडणारी जमीन विकायला वेळ लागत नाही. म्हणून आम्हा जुन्या घराण्यांनी वर्षाचा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून भरावा, लग्नकार्यात तोच वाढावा आणि ताटात एक शीतही टाकू नये. १९५६ पासून आपण या मातीसाठी झगडत आहोत. शिवारच उरले नाही, तर झगडायचे कशासाठी?