उष्णतेच्या आजारांची नोंद कोण ठेवणार?



उष्माघाताच्या बातम्या नागपूर-चंद्रपूरच्या असतात, आपल्याला समुद्राचा वारा आहे, अशा समजुतीत आपण मीरा-भाईंदरकर निर्धास्त असतो. ही समजूत जिवावर बेतू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. खारघरही खाडीकाठचेच, आणि पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता.

किनारपट्टीवर खरा घात दमटपणा करतो. घाम वाळला तर अंग निवते. आपल्याकडे तो वाळतच नाही. मग अंगातली उष्णता साचत जाते, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मात्र किनाऱ्यावर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत. म्हणजे ३५ अंशांचा, अंगाला कपडे चिकटवणारा दिवस त्या हिशेबात बसत नाही. अलीकडे ‘उष्ण व दमट’ असा पिवळा इशारा येतो खरा, पण तो मोबाइलवर येतो आणि तिथेच राहतो.

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत मे महिन्याच्या दुपारी जाऊन पाहावे. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यात डोक्यावर तापलेला पत्रा, पुढ्यात फिरणारी मोटार आणि नाकातोंडाला फडके बांधलेला, काळ्या भुकटीने माखलेला कामगार. मजुरी नगावर असेल, तर पाणी प्यायला उठणेही परवडत नाही. संध्याकाळी पायात गोळे येतात, डोके गरगरते. तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे सलाइन लावून घेतो आणि सकाळी पुन्हा कामावर हजर. याची नोंद कोणत्या वहीत होते? उत्तनला वलांड्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांचे तरी वेगळे काय? जवळच्या धावगी कचराभूमीतल्या कचऱ्याला आग लागली की त्या परिसराच्या वाट्याला वर धूरही येतो.

महापालिकेच्या आरोग्य विभागाने आधी हे रुग्ण मोजावेत, अशी माझी मागणी आहे. हवामान बदल आणि मानवी आरोग्य यांसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि उन्हाळ्यात उष्णतेच्या आजारांची नोंद ठेवणे हा त्याचाच भाग आहे. पण सरकारी दवाखान्यापर्यंत न पोचणारा गाळ्यातला कामगार त्यात येणार कसा? डेंग्यूचे रुग्ण खासगी डॉक्टरांनी कळवावेत अशी अपेक्षा असते, मग उष्णतेचे का नाहीत? केसपेपरवर ‘काम काय आणि कुठे करता’ एवढा एक रकाना वाढवला, तरी आजार कोणत्या वसाहतीतून, कोणत्या पाड्यातून येतो हे कळेल.

दवाखान्यांत आधीच माणसे कमी, त्यात हे नवे कागद कशाला, असे कोणी म्हणेल. ही अडचण खरी आहे. पण अहमदाबादचे उदाहरण पाहा. मे २०१० मध्ये तिथे एरवीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू जास्त झाले, हे मृत्यूंचे आकडे मागच्या वर्षांशी ताडून पाहिल्यावर उमगले. त्यातूनच २०१३ चा उष्णता कृती आराखडा झाला आणि इशारा मिळताच कोणत्या खात्याने काय करायचे हे ठरले. आकडे नसतील तर पैसा मागायचा कशाच्या जोरावर?

तयारीही मोजणीइतकीच निकडीची आहे. उष्माघातात तापाची गोळी उपयोगी पडत नाही. अंग ताबडतोब थंड करावे लागते. त्यासाठी टेंबा रुग्णालयात आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रांत बर्फ, थंड पाणी, पंखे आणि प्रशिक्षित परिचारिका मार्च उजाडण्याआधी सज्ज हव्यात. आणि एप्रिल ते जून दर आठवड्याला उष्णतेच्या रुग्णांचे प्रभागनिहाय आकडे पालिकेने जाहीर करावेत.

— एक वाचक, भाईंदर (पूर्व)